दोघींची खोली

१२ जानेवारी, सोमवार
मिरजगाव

आत्या, तू गेल्यापासून मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. डायरी रोज लिहितो. पाऊस किती झाला, बी-बियाण्याच्या दुकानात कोण आलं, पाठ किती दुखली, सगळं त्यात असतं. तुझा उल्लेख मात्र वर्षश्राद्धापुरताही आला नाही. त्याबद्दल माफ कर. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मला कुठं वाचाया सवड हाय." तुला वाचता येत होतं, हे घरात फारसं कुणी लक्षात ठेवलं नाही. बियाण्याची रिकामी पिशवी चुलीच्या उजेडात धरून तू अक्षर अक्षर लावायचीस आणि मला विचारायचीस, "संकरित म्हंजी काय रं?" मी शेतकी कॉलेजात शिकत होतो, तेव्हा भाषण दिल्यासारखं सांगायचो. तू ऐकून घ्यायचीस आणि म्हणायचीस, "मंग सरळ तसं लिवावं की."

आज सरळ तसं लिहायचा प्रयत्न करतो. तुझ्या कासवाबद्दल आहे, आणि मी गेल्या आठवड्यात बोललेल्या एका शब्दाबद्दल.

ते कासव घरात आलं तेव्हा मी शाळेत होतो. तुझा मावसभाऊ ट्रक चालवायचा, त्यानं लांबून कुठून तरी कांद्याच्या गोणीत घालून आणलं होतं. पाठीवर पिवळ्या चांदण्या. घरात कासव असलं की बरकत येते, असं त्याला कुणी सांगितलं होतं. आईला ते नको होतं. देवळात देवापुढं दगडाचं असतं तेवढं पुरे, म्हणाली. तू म्हणालीस, "राहू द्या वहिनी, मी बघते त्याचं." सासरच्यांनी मूल होत नाही म्हणून तुला माहेरी धाडलं, त्याला तेव्हा एखादं वर्ष झालं असेल. मागची खोली तुला मिळाली होती, आता त्या खोलीत कासवही आलं. पुढं अशी कासवं पाळायला कायद्यानं बंदी आहे हे मला कळलं. कळूनही मी काही केलं नाही. पाहुणे आले की मागचं दार लावून घ्यायचो, एवढंच.

घरात सगळे त्याला 'ते' म्हणायचे. कासव ते, आपल्या भाषेनंच ठरवून टाकलेलं, त्यामुळे नर का मादी हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. तू एकटी वेगळं बोलायचीस. सकाळी दार उघडून म्हणायचीस, "काय गं, ऊन खायाचं न्हाई का आज?" पण तू म्हशीशीही अशीच बोलायचीस, शेगडीशीही बोलायचीस, म्हणून ते 'गं' आम्ही कानाआड केलं. अंगणाच्या कोपऱ्यात मेंदीच्या झुडपाखाली तू माळावरची मुरमाड माती आणून ढीग केला होतास. वडील चेष्टा करायचे, "काळ्या रानाचे मालक आपण, आन् ही दारात माळ आणून टाकती." तू म्हणायचीस, मेंदीला लागते. हिवाळ्यात कधी कधी तू त्या ढिगापाशी पाटावर बसलेली असायचीस, आमच्याकडे पाठ करून, आणि कुणी आलं की म्हणायचीस, "जा तिकडं, उन्हाला बसलीया मी."

गेल्या उन्हाळ्यात मी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल नको, गाडी लावायला बरं, बाकी काही कारण नव्हतं. मेंदी काढली. तिच्या बुडाशी खणताना पांढरी, पातळ, गोल टरफलं निघाली. काम करणारा माणूस मागं सरकला आणि म्हणाला, "सायेब, सापाची अंडी दिसत्यात." मी ती पाटीत भरून रस्त्यापलीकडच्या चारीत टाकायला लावली, वर फिनेल ओतलं. सापाची अंडी अशी टणक कवचाची नसतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या क्षणी आठवलं नाही. आठवून बघायची गरज वाटली नाही, हे जास्त खरं.

थंडी सुरू झाली आणि कासवानं खाणं सोडलं. दिवसभर भिंतीच्या कडेकडेनं फिरायचं, थांबायचं, जमिनीला नाक लावायचं, मग मागच्या पायांनी ब्लॉक खरवडायचं. आधी डावा पाय, मग उजवा. ताटावर चमचा घासल्यासारखा आवाज. बायको म्हणाली, "अहो, त्याला काहीतरी होतंय." मी म्हणालो, "थंडीनं होत असेल." मग एक दिवस ब्लॉकवर रक्ताचे बारीक ठिपके दिसले, मागच्या पायांची नखं मुळापर्यंत झिजली होती. मी काय केलं सांगू? हळद लावली आणि त्याला टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवलं, म्हणजे खरवडायचं थांबेल, पायाला आराम पडेल. क्रेट तुझ्याच खोलीत ठेवलं. त्या खोलीला आम्ही आता अडगळीची खोली म्हणतो. तुझ्या दिवाणावर दुकानातल्या रिकाम्या पिशव्यांचे गठ्ठे होते. कासव क्रेटमध्ये तसंच पाय हलवत राहिलं, प्लास्टिकवर.

दुकानात चहाला येणारे एक जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांना घरी बोलावलं. ते हसले. "मी म्हशींचा माणूस. कासवाचं मला विचारताय म्हणजे अवघड आहे." पण आले. त्यांनी ते हलक्या हातानं थोडं तिरपं केलं, खालून बघितलं, पुण्यातल्या मित्राला फोन लावून फोटो पाठवला, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "कधीपासून आहे तुमच्याकडं?"

"मी शाळेत होतो तेव्हापासून."

"आणि कुणी उचलून बघितलं नाही? पोट सपाट, शेपूट आखूड. मादी आहे ही."

कर्जतला त्यांच्या ओळखीच्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर तिच्या पोटात गोल पांढऱ्या सावल्या होत्या, एकीला एक टेकलेल्या. परत आल्यावर तुझ्या खोलीत उभं राहून डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मित्राचं म्हणणं असं की तिची अंडी घालायची वेळ होऊन गेली आहे. तिला उकरायला माती लागते, ऊब लागते, आडोसा लागतो. जागा मिळाली नाही म्हणून तिनं धरून ठेवलं आहे. आणखी धरलं तर अंडी आत अडकतील, मग जिवावर बेतेल. बाहेर थंडी आहे, म्हणून जागा घरातच करा. नाहीच जमलं तर इंजेक्शन, पण आधी जागा.

मी विचारलं, "पण नर तर कधीच नव्हता. मग ही अंडी?"

"फळलेली नसणार. त्यातून काही निघायचं नाही."

आणि मी म्हणालो, आत्या, अगदी सहज, दुकानात पोल्ट्रीवाल्यांशी बोलतो तसं म्हणालो, "मग वांझ अंड्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? इंजेक्शन देऊन टाका."

डॉक्टर म्हणाले, "फळली नाहीत म्हणून काय पोटात ठेवायची का तिनं?" आणि बॅग आवरायला लागले. जाता जाता एवढंच म्हणाले, "हे प्रकरण सुखरूप झालं की वनखात्याला कळवायचं बरं का. तिला घरात ठेवता येत नाही. मी बघून न बघितल्यासारखं करणार नाही." बायको दारात उभी होती. ते गेल्यावर पिशव्यांचे गठ्ठे उचलायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तो शब्द बोलायला तुम्हाला हीच खोली सापडली."

तो शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा मी लहान होतो. तुझ्या सासरहून शेवटचा निरोप घेऊन आलेला माणूस ओट्यावर उभं राहून तो बोलला, पुरेशा मोठ्यानं, आणि आजोबांनी त्याला तरीही चहा पाजून पाठवलं. मला तो चहाचा वास आठवतो, आलं घातलेला. त्यानंतर आमच्या घरात तो शब्द कुणी काढला नाही. आम्ही सभ्य माणसं होतो. तो न बोलता पाळायचा कसा, हे आम्हाला येत होतं.

बायकोचं डोहाळजेवण आठवत असेल तुला. पहाटेपासून स्वयंपाकघर तुझ्या हातात होतं. पुरण तू वाटलंस, शेवंतीचे दागिने तू ओवलेस, ओटीचं ताटही तूच लावलंस, तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सगळं मांडून वर रुमाल टाकलास. बायका येऊन बसल्या. तू पदराला हात पुसत माजघरात आलीस तशी आई उठून तुझ्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, तुमी जरा आत बसा. बायका आल्यात." आवाजात काही वाईट नव्हतं. उन्हात उभं असलेल्याला सावलीत बस म्हणावं तसा आवाज होता. तू हसलीस. "बसते की. आमी दोघी बसतो आत."

मी दारात खुर्च्या घेऊन उभा होतो. मी हे ऐकलं. आणि मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "दोघी कशा, आत्या? एक तू आणि एक कासव. दोघं म्हण." तुझं व्याकरण सुधारलं. तू माझ्याकडे बघितलंस, रागानं नाही, आणि म्हणालीस, "तू शिकल्याला हाईस बाबा." मग आत गेलीस, दार ओढून घेतलंस. मी खुर्च्या मांडायला गेलो.

हा प्रसंग मी विसरलो नव्हतो, पण विनोद म्हणून लक्षात ठेवला होता. लोकांना सांगायचो सुद्धा. आमची आत्या कासवाला मैत्रीण समजायची. डॉक्टर गेल्यावर त्या रात्री एक्स-रे उजेडात धरून बघताना मला ते 'दोघी' पुन्हा ऐकू आलं, आणि मेंदीखालची टरफलं दिसली, आणि पाटावर बसलेली तुझी पाठ. तुला माहीत होतं. वर्षानुवर्षं ती तिथं अंडी घालत होती आणि तू आडोसा करून बसत होतीस. कुणाला सांगितलं नाहीस, कारण सांगितलं असतंस तर आम्ही काय बोललो असतो हेही तुला माहीत होतं. मी ते बोललोच शेवटी, तू नसताना. तुझा अंदाज चुकला नाही याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

मग तुझा दिवाण उघडला. वरच्या फळ्या काढल्या, आतल्या पेटीत ताडपत्री अंथरली. मी शेतकी पदवीधर, तालुक्याला मातीचे सल्ले देणारा. आपल्या मळ्यातली काळी आणून पेटी भरली, कारण आपल्या घरात चांगली माती म्हणजे काळी. तिला आत सोडलं. ती दोन पावलं चालली आणि पाय चिखलात भरले. दिव्याच्या उबेनं वरची माती वाळली तशी तिला भेगा पडल्या आणि खाली गारा तसाच. ती कोपऱ्यात जाऊन भिंतीला तोंड लावून बसली. बायको म्हणाली, "आत्याबाई माळावरची आणायच्या ना?" मी पुन्हा सगळी उपसली आणि माळावर गेलो. मुरूम चाळून घेतला, सीना नदीची वाळू मिसळली, हात कोपरापर्यंत जाईल एवढी खोल भरली आणि थोडं थोडं पाणी शिंपडत कालवली. मूठ दाबली की गोळा व्हावा, खाली टाकला की फुटावा. वाफसा. पेरणीच्या दिवसांत हा शब्द मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो, वाफसा आल्याशिवाय पेरू नका, घाई करू नका. कुणाला कसली माती लागते हे मी घरात कधी विचारलं नव्हतं.

एका टोकाला कोंबडीच्या पिल्लांना ऊब देतात त्या ब्रूडरचा बल्ब उंचावर टांगला, म्हणजे एक बाजू उबदार राहील आणि नको असेल तर तिला दुसरीकडे सरकता येईल. माती कितपत तापते ते बघायला त्यात थर्मामीटर खोचला. तुझा फुटका रांजण आडवा करून एका कोपऱ्यात लपायला ठेवला. चढा-उतरायला विटांचा उतार, पाण्याची उथळ थाळी, कॅल्शियम मिळावं म्हणून चघळायला समुद्रफेस. खिडकीला गोणपाट. हे सगळं करताना मला फार बरं वाटत होतं, आणि हे बरं वाटणं मला पटत नव्हतं. एवढी मेहनत करतोय म्हणजे आता झालं, फिटलं, असं मन आतल्या आत म्हणत होतं. ती त्या मातीवर फिरली, नाक लावलं, उबेच्या बाजूला वळली आणि मागच्या पायानं उकरायला लागली. मी स्टुलावर बसून बघत होतो. जरा पुढं वाकलो. ती थांबली, उकरलेलं तसंच टाकलं आणि रांजणात गेली. दुसऱ्या दिवशीही तसंच.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्ही कुठं असता त्या वेळी?"

"इथंच. शेजारी."

"अहो, बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस स्टूल टाकून बसतो का? उठा तिथनं."

मी उठलो. तुझ्या ट्रंकेतली चॉकलेटी साडी काढली, दिवाणाभोवती आडोसा केला, दार ओढून घेतलं. बायको ओट्यावर भाजी निवडत बसली होती, मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. मग ती म्हणाली, "त्या दिवशी मला पाटावरून उठता आलं असतं. आत जाऊन त्यांना हाताला धरून आणता आलं असतं. ओटी माझी होती."

"तू नवी होतीस."

"हां," ती म्हणाली. "आणि तुम्ही काय होतात?"

आतून आवाज येत होता. ब्लॉकवरचा नव्हे. माती सरकल्याचा, हलका, मध्येच थांबणारा.

आज सकाळी पडदा बाजूला केला. उबेच्या टोकाला माती दाबून सपाट केलेली होती, हातानं सारवल्यासारखी गुळगुळीत. तिनं उकरून, घालून, परत भरून, पोटानं चोपून ठेवलं होतं. स्वतः रांजणापाशी बसली होती, पाठीवरच्या चांदण्या मातीनं भरलेल्या. मी जास्वंदीचं फूल पुढं धरलं. तिनं मान लांब केली आणि चावा घेतला. डॉक्टर येऊन हातानं चाचपून गेले. "मोकळी झाली," म्हणाले. हा शब्द ते म्हशीसाठीही वापरतात, आपण बाईसाठी वापरतो. मला उकरून बघायचा मोह झाला, किती आहेत, कशी आहेत. बघितलं नाही. बायको म्हणाली, "राहू दे ते तिथंच," आणि पडदा परत ओढला.

डॉक्टरांनी वनरक्षकाचा नंबर देऊन ठेवला होता. दुपारी मी फोन केला. समोरचा माणूस सरळ बोलणारा होता. कुठलं गाव, कसलं कासव, नर की मादी. मी मादी म्हणालो. मग त्यानं विचारलं, कुणाचं आहे. आणि आत्या, मी म्हणालो, "आमच्या आत्याचं होतं. ती वारली. तिच्यामागं ते राहून गेलं." तो म्हणाला, "बरं, मग तुमचा काही प्रश्न नाही, या आठवड्यात येऊन घेऊन जातो." फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. संध्याकाळी दिव्याची उंची ठीक करायला तुझ्या खोलीत गेलो तेव्हा लक्षात आलं की मी काय केलं. वर्षानुवर्षं कायदा माहीत असून दार लावून घेणारा मी होतो. लोकांसमोर यायची वेळ आली तशी मी पुन्हा तुला पुढं केलं, म्हणजे मला मागं राहता येईल. आई निदान तोंडावर बोलली होती.

हे पत्र कुठं टाकणार. डायरीतच राहील. परवा संक्रांत आहे, बायको तीळ भाजतेय, तुझ्या खोलीपर्यंत वास येतोय.

उद्या: वनरक्षकाला पुन्हा फोन करून सांगणे, ती माझ्याकडे आहे, मी ठेवली.